पिन बसली, पण जुळली का?



जवळपास प्रत्येक घरात असा एक डबा असतो. कुठे तो बिस्किटांचा पत्र्याचा जुना डबा असतो, कुठे मिठाईचा, तर कुठे शिवणयंत्राचा खण. आत वायरींचा गुंता, बंद पडलेल्या मोबाइलचे चार्जर, नेटचे जुने डोंगल, दोन-तीन थ्री-पिन आणि कशाला लागते हे कुणालाच आठवत नाही अशी एक छोटी काळी वस्तू. ती फेकायची हिंमत होत नाही, कारण ‘लागलीच तर?’ आणि खरोखर गरज पडते तेव्हा तीच सापडत नाही.

या महिन्यात याच डब्यातल्या वस्तूंविषयी बोलू. विषय छोटा वाटेल. पण उन्हाळ्यात कुलरला हात लावताच बसणारा शॉक, परीक्षेच्या आदल्या रात्री बंद पडलेला लॅपटॉप, परक्या मुलुखात चार्ज न झाल्यामुळे बंद झालेला अम्मींचा फोन, अशा कितीतरी अडचणींच्या मुळाशी दहा-पन्नास रुपयांची एखादी पिनच असते.

श्रीरामपुरात मेन रोडवरच्या दुकानात गेलो की आपण या सगळ्यांना एकच नाव देतो: ‘अडॅप्टर द्या.’ दुकानदारही समोरचे भोक पाहतो, त्यात बसेल असे काहीतरी काढून देतो. पण या एका शब्दाखाली तीन अगदी वेगळी कामे दडलेली आहेत. पहिले काम फक्त आकार बदलण्याचे. दुसरे विजेचा दाब बदलण्याचे. तिसरे दोन यंत्रांमधली भाषा बदलण्याचे. आम्ही वर्गात उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून हा फरक आम्हाला असा सुचतो: उर्दू मजकूर देवनागरी अक्षरांत उतरवला तर लिपी बदलली, अर्थ समजण्यासाठी मात्र तर्जुमाच करावा लागतो. पिनांचेही तसेच आहे. आकार जुळला म्हणजे आतले काम जुळलेच असे नाही.

हजच्या बॅगेतली पिन

हजच्या तरबियती कॅम्पमध्ये अरकान, एहराम, औषधे यांवर प्रश्न होतात. मग कोपऱ्यातून एखादी खाला हळूच विचारते, ‘आमचा चार्जर तिथं चालेल का?’ बाकीचे हसतात. पण हसण्यासारखे त्यात काही नाही. आता परवानगीचे कागद, नुसुक ॲप, भारत सरकारचे हज सुविधा ॲप, राहण्याच्या इमारतीचा पत्ता, सोबत्यांचे नंबर हे सगळे फोनमध्ये असते. लाखोंच्या गर्दीत चुकामूक झाली आणि फोन बंद असेल, तर म्हाताऱ्या माणसाचे काय हाल होतात ते हाजींना विचारा.

उत्तर असे: चार्जर चालेल, पण त्याची पिन तिथल्या बोर्डात बसणार नाही. आपल्याकडे बोर्डाची भोके गोल असतात. सौदी अरबस्तानात आणि दुबई-अबुधाबीकडे तीन चौकोनी चपट्या दांड्यांची पिन चालते. यामागचा इतिहास गमतीचा आहे. आपल्याकडची गोल तीन दांड्यांची पिन इंग्रजांनी आणली. पुढे त्यांनी स्वतःच्या देशात ती बदलून चौकोनी केली आणि त्या नव्या पिनेचे मानक प्रसिद्ध झाले ते नेमके १९४७ साली. इंग्रज इथून गेले, जुनी पिन आपल्याकडे राहिली. आखाती देशांत मात्र नवी पिन गेली. त्यामुळे मुंबईहून विमानात बसून काही तासांत जिद्दाला उतरलेल्या माणसाचा चार्जर तिथल्या भिंतीसमोर परका ठरतो.

यासाठी लागतो तो पहिल्या प्रकारचा, म्हणजे फक्त आकार बदलणारा अडॅप्टर. तो घेताना तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, हा अडॅप्टर विजेचा दाब बदलत नाही. त्यामुळे आपला चार्जर तिथली वीज सोसतो का, हे चार्जरवरच वाचा. बारीक अक्षरांत ‘इनपुट’पुढे १०० ते २४० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्झ असे लिहिलेले असेल तर काळजी नाही. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ वीज असते. सौदीत २३० व्होल्ट, पण ६० हर्ट्झ असते आणि जुन्या इमारतींत पूर्वीची १२७ व्होल्टची जोडणीही आढळू शकते. मोबाइल आणि लॅपटॉपचे आजचे बहुतेक चार्जर हे सगळे सोसतात. फक्त २३० व्होल्टसाठी बनवलेल्या वस्तू, जसे की काही इस्त्र्या आणि मिक्सर, सोबत नेऊ नका.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. चौकोनी पिनेच्या बोर्डात आत पडदे असतात. वरच्या भोकात अर्थिंगची लांब दांडी शिरली की मगच खालचे पडदे उघडतात. लहान मुलाने खिळा किंवा तार घालू नये म्हणून ही सोय केलेली आहे. आपले काही लोक अडॅप्टर नसला की वरच्या भोकात पेन खुपसतात, पडदे उघडतात आणि दोन दांड्यांची पिन जोर लावून बसवतात. पिन बसते, चार्जिंगही सुरू होते. पण ती सैल असते, ठिणग्या पडतात, बोर्ड तापते. शिवाय चौकोनी पिनेच्या पोटात असलेला फ्यूज इथे गैरहजर असतो. १९९७ साली मीनात लागलेल्या आगीत ३४३ जण शहीद झाले, त्यांत आपल्या देशाचे हाजीही मोठ्या संख्येने होते. ती आग विजेची नव्हती, गॅसची होती. त्यानंतर मीनाचे तंबू आग न पकडणाऱ्या कापडाचे झाले आणि गॅसच्या शेगड्यांवर बंदी आली. पण दाटीवाटीच्या जागेत एकाचा हलगर्जीपणा किती जणांना भोवतो, हा धडा पिनेलाही लागू आहे.

तिसरी, अडॅप्टरवर किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा. प्रवासी अडॅप्टरवर बहुधा ६ किंवा १० चा आकडा असतो. मोबाइलला तो भरपूर झाला. पण चहासाठी नेलेली १५०० वॉटची केटली ६ अँपिअरच्या अडॅप्टरवर लावणे म्हणजे सायकलच्या कॅरिअरवर गव्हाचे पोते लादणे.

सोबत पॉवर बँक असेल तर ती सामानाच्या मोठ्या बॅगेत नको, हातातल्या बॅगेत हवी. लिथियम बॅटरी सामानाच्या डब्यात पेटली तर कुणाच्या लक्षातच येणार नाही, म्हणून हा नियम आहे. १०० वॉट-अवरपर्यंतची पॉवर बँक साधारणपणे चालते. २०,००० एमएएचची पॉवर बँक सुमारे ७४ वॉट-अवरची भरते. ती विमानात वापरायची की नाही, हे कर्मचारी सांगतील तसे करा.

तिसरी दांडी कशासाठी?

आता घरातल्या बोर्डाकडे वळू. थ्री-पिनची वरची दांडी इतर दोघींपेक्षा जाड आणि लांब असते. लांब अशासाठी की पिन घालताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. जाड अशासाठी की ती चुकूनही विजेच्या भोकात शिरू नये. तिचे काम एकच: यंत्राच्या लोखंडी अंगात वीज उतरली तर तिला माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जायला सोपी वाट करून देणे.

आमच्या एका माजी विद्यार्थिनीने मध्यंतरी विचारले, ‘सर, लॅपटॉपला हात लावला की मुंग्या येतात. यात काही वाईट आहे का?’ चौकशी केली तेव्हा कळले, घरातले बोर्ड दोनच भोकांचे, म्हणून एका दुकानात चार्जरच्या वायरीची तिसरी दांडी पक्कडीने तोडून दिली होती. ‘आता कुठंही बसेल’ असे वर सांगितलेही होते. बसली खरी. पण अशा चार्जरमध्ये गोंगाट गाळण्यासाठी जे भाग असतात, त्यांतून अगदी थोडी वीज लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर येते. अर्थिंग असेल तर ती मुकाट्याने जमिनीत जाते, नसेल तर बोटांना मुंग्या देते. एवढ्या मुंग्यांनी जीव जात नाही. पण चार्जरच्या आत पुढे काही बिघडले, तर वाचवणारी वाट आपण आधीच तोडून ठेवलेली असते.

लॅपटॉपपेक्षा मोठा धोका कुलर, फ्रिज, वॉशिंग मशिन, गिझर आणि इस्त्री यांचा. लोखंडी अंग, त्यात पाणी आणि ओला हात. मे महिन्यात कुलरच्या शॉकने माणूस दगावल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. अशा यंत्रांना थ्री-पिनचे टू-पिन करणारा अडॅप्टर कधीही लावू नये. बोर्ड दोन भोकांचे असेल तर बोर्ड बदलावे. बोर्ड तीन भोकांचे असूनही वरच्या भोकामागे वायरच जोडलेली नाही, अशी घरे जुन्या वस्त्यांत पुष्कळ आहेत. बाहेरून पाहून हे समजत नाही. वायरमनला बोलावून टेस्टरने नव्हे, तर दिव्याने किंवा मीटरने अर्थिंग तपासून घ्या. घरमालक नाही म्हणत असेल तरी एवढे काम त्याच्याकडून करून घ्या, कारण भाड्याच्या घरातला जीवही तितकाच किमती असतो.

जमले तर मेन स्विचपाशी आरसीसीबी नावाची पेटी बसवा. नेहमीची एमसीबी जास्त भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यावर पडते. माणसाच्या अंगातून वीज जात असेल तर ती तिला कळतही नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी मात्र गेलेली आणि परत आलेली वीज सतत ताडून पाहते आणि फरक दिसला की क्षणात बंद करते. माणसाला वाचवण्यासाठी आहे ती हीच.

मग मोबाइलच्या चार्जरला दोनच दांड्या कशा? चार्जरवर एका चौकोनात दुसरा छोटा चौकोन, अशी खूण शोधा. त्याचा अर्थ आतले वेष्टन दुहेरी आहे, अर्थिंगची गरज नाही. ही खूण असलेली दोन दांड्यांची वस्तू बिनधास्त वापरा.

आणखी एक सवय मोडायला हवी. जाड पिनेला बारीक करणारा अडॅप्टर. आपल्याकडे बोर्ड दोन प्रकारचे असतात, ६ अँपिअरचे आणि १६ अँपिअरचे. हिशेब सोपा आहे: अँपिअरला २३० ने गुणले की वॉट मिळतात. म्हणजे लहान बोर्डाची ताकद सुमारे १३८० वॉट आणि मोठ्याची ३६८०. १००० वॉटची इस्त्री लहान बोर्डावर चालते. २००० वॉटचा गिझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, पाणी तापवायचा १५०० वॉटचा रॉडसुद्धा साडेसहा. जाड पिन मुद्दाम जाड ठेवली आहे, ती लहान बोर्डात बसू नये म्हणूनच. अडॅप्टर लावून ती बसवली की आपण तो राखणदारच हटवतो. पिन किंवा बोर्ड हाताला गरम लागले, पिवळे-काळे पडले, जळका वास आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

चार्जरवरची बारीक अक्षरे

दुसऱ्या प्रकारचा अडॅप्टर म्हणजे दाब बदलणारा. २३० व्होल्टची वीज घेऊन तो यंत्राला ५, ९, १२ किंवा १९ व्होल्ट देतो. वायफायच्या राउटरचा, टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सचा, जुन्या लॅपटॉपचा अडॅप्टर याच जातीचा. यांच्या गोल पिना दिसायला सारख्या, पण पोटातला दाब वेगळा. ९ व्होल्टच्या यंत्रात १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला तर पिन छान बसेल, यंत्र मात्र जळू शकेल.

नियम तीन. ‘आउटपुट’पुढचे व्होल्ट यंत्रावरच्या आकड्याशी तंतोतंत जुळले पाहिजेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतील, कमी नकोत, कारण यंत्र आपल्याला हवे तेवढेच अँपिअर घेते. आणि गोल पिनेच्या चित्रात अधिकची खूण आत आहे की बाहेर, तेही दोन्हीकडे सारखे असायला हवे. नवा अडॅप्टर आणला की त्यावर मार्करने ‘राउटर’, ‘सेट-टॉप’ असे लिहून टाका. पाच सेकंदांचे काम आहे, पण पुढची पाच वर्षे डब्यातला गोंधळ वाचतो.

मोबाइलच्या चार्जरचे गणित जरा निराळे. व्होल्टला अँपिअरने गुणले की वॉट. ५ व्होल्ट आणि २ अँपिअर म्हणजे १० वॉट, २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर म्हणजे ६५ वॉट. टाइप-सीचा ६५ वॉटचा चार्जर छोट्या फोनला लावला तर फोन जळेल, अशी भीती पुष्कळांना असते. चांगला चार्जर सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट देतो. मग फोन आणि चार्जर यांच्यात बोलणे होते, फोन मागेल तेवढाच दाब वाढतो. म्हणून टाइप-सीच्या बाबतीत मोठा चार्जर धोक्याचा नसतो, बनावट चार्जर धोक्याचा असतो.

वडोदऱ्याच्या मुलाची गोष्ट

आज सगळीकडे दिसणारा यूएसबी हा प्रकार १९९६ साली आला. त्याआधी संगणकाच्या पाठीवर प्रिंटरला एक, माउसला दुसरे, कीबोर्डला तिसरे भोक असे. काही नवे जोडले की संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागे. हा त्रास मिटवण्यासाठी सात कंपन्या एकत्र आल्या आणि त्या कामात इंटेलचे अजय भट्ट अग्रभागी होते. ते आपल्या शेजारच्या गुजरातमधले, वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. विद्यार्थ्यांना आम्ही हे आवर्जून सांगतो. घरातल्या माणसाला होणारा रोजचा त्रास नीट पाहिला, तर त्यातूनही जगभर वापरली जाणारी वस्तू निघते.

पहिल्या यूएसबीत चारच तारा होत्या: दोन विजेच्या, दोन माहितीच्या. पुढे मोबाइलसाठी मायक्रो-यूएसबी आले, त्यात पाचवी जोडणी आली. ओटीजी नावाची बोटभर वायर आपण मोबाइलला पेन ड्राइव्ह जोडायला वापरतो, तिची करामत या पाचव्या जोडणीत आहे. एरवी मोबाइल संगणकासमोर शागिर्द असतो. ओटीजीच्या आत ती जोडणी जमिनीच्या तारेला जोडलेली असते. त्यावरून मोबाइलला कळते की आता आपण उस्ताद आहोत, पेन ड्राइव्हला वीजही आपणच द्यायची आणि हुकूमही आपणच सोडायचा. म्हणूनच साध्या वायरीने हे काम होत नाही.

२०१४ साली टाइप-सीचे मानक प्रसिद्ध झाले. उलट-सुलट कसेही बसते, आत २४ जोडण्या. २८ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघात नव्या मोबाइलना टाइप-सी सक्तीचे झाले, १ जानेवारी २०२५ पासून सौदी अरबस्तानातही. युरोपातला कायदा येताना पाहून आयफोननेही २०२३ साली आपली वेगळी पिन सोडली. घरात एकच वायर सगळ्यांना पुरावी आणि दरवेळी चार्जरचा कचरा वाढू नये, हा त्यामागचा हेतू. चांगला हेतू आहे, पण एक गोंधळ उरतोच. टाइप-सी हे भोकाच्या आकाराचे नाव आहे, त्याच्या ताकदीचे नाही. एक सी-वायर फक्त चार्ज करते, दुसरी माहितीही नेते, तिसरी टीव्हीचे चित्रही नेते. तिघी दिसायला जुळ्या बहिणी.

म्हणून टाइप-सीवरून टीव्हीला जोडणारा अडॅप्टर घेण्याआधी आपला फोन चित्र बाहेर पाठवतो का, हे पाहा. पुष्कळ स्वस्त फोन पाठवत नाहीत, तिथे महागातला अडॅप्टरही उपयोगाचा नाही. हेडफोनच्या अडॅप्टरचेही तसेच. काही फोन आवाज तयार करून बाहेर देतात, काही फक्त आकडे देतात आणि आकड्यांचा आवाज करणारी चिप अडॅप्टरमध्ये असावी लागते. दुकानात स्वतःचा फोन नेऊन, लावून, आवाज ऐकून मगच पैसे द्या.

भाषा बदलणाऱ्या वस्तू

तिसऱ्या प्रकाराचा अनुभव शाळांना चांगला येतो. शाळेत जुना प्रोजेक्टर असतो, त्याला १५ टाचण्यांचे व्हीजीए नावाचे भोक. हा प्रकार आयबीएमने १९८७ साली आणला. नव्या लॅपटॉपला मात्र एचडीएमआय असते. एका शाळेने वार्षिक कार्यक्रमासाठी अडॅप्टर मागवला, दोन्ही टोके बरोबर बसली, पडद्यावर काहीच नाही. मागवला होता व्हीजीएचे एचडीएमआय करणारा, हवा होता एचडीएमआयचे व्हीजीए करणारा. लॅपटॉप आकड्यांची भाषा बोलतो, प्रोजेक्टरला चढउताराची लहर समजते. मध्ये चिप बसून तर्जुमा करते आणि ती एकाच दिशेने करते. म्हणून ‘कशातून कशात’ हे नेहमी क्रमाने सांगावे. आणि व्हीजीएतून आवाज जात नाही, स्पीकरची वायर वेगळी लावावी लागते, हेही कार्यक्रमाआधी लक्षात असू द्यावे.

या तिसऱ्या प्रकारात महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे, तोही आपल्या भाषांसाठी. १९८० च्या दशकात संगणकाला फक्त इंग्रजी येत होते. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले एक काम १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. त्याचे नाव जिस्ट कार्ड. संगणकाचे खोके उघडायचे, आतल्या खाचेत हे कार्ड बसवायचे, की इंग्रजीसाठी लिहिलेला प्रोग्रामही देवनागरी दाखवू लागे. एका लिपीत लिहिलेले दुसऱ्या भारतीय लिपीत पाहायची सोयही होती. उर्दूचे मात्र अवघड होते. उजवीकडून डावीकडे जाणारी, जागेप्रमाणे रूप बदलणारी अक्षरे. तिच्यासाठी वेगळी व्यवस्था लागली. १९९४ साली दिल्लीच्या कन्सेप्ट सॉफ्टवेअरने इनपेज आणले आणि कातिबाच्या हाताची नस्तालिक संगणकावर आली.

त्या काळात डीटीपीची महाग सॉफ्टवेअर डोंगलसह मिळत. संगणकाला मागून लावायची छोटी डबी, म्हणजे त्या सॉफ्टवेअरची किल्ली. ती काढली की काम बंद. जुने डीटीपीवाले ती तिजोरीच्या किल्लीसारखी जपत. आज युनिकोडमुळे हे सगळे कार्ड आणि किल्ल्या गरजेच्या उरल्या नाहीत. आपली मुले फोनवर एका बोटाने मराठीतून उर्दूत जातात. ज्या सोयीसाठी कधी संगणकाचे पोट उघडावे लागे, ती आता कुणाला जाणवतही नाही.

परकी पिन, परके भोक

यूएसबीत विजेबरोबर माहितीच्याही तारा असतात हे वर आलेच. त्यामुळे बसस्टँडवर किंवा विमानतळावर भिंतीतल्या यूएसबी भोकाला फोन लावला तर त्या तारांनी फोनमधली माहिती चोरता येऊ शकते. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या आपल्या सावधगिरीच्या पुस्तिकेत या प्रकाराबद्दल इशारा दिला आहे. उपाय सोपा: स्वतःचा चार्जर साध्या बोर्डात लावा किंवा पॉवर बँक वापरा. फोनने ‘माहिती देऊ का’ असे विचारले तर नाही म्हणा. आणि रस्त्यात सापडलेला पेन ड्राइव्ह ‘कुणाचा आहे ते पाहू’ म्हणून संगणकाला लावू नका. दुसऱ्याची अमानत परत करायची तर आधी तिथल्या दुकानात किंवा शाळेत विचारा.

विकत घेताना

चार्जर आणि पॉवर अडॅप्टर भारतात विकायचा तर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. अशा वस्तूवर ब्युरोची खूण आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक असतो. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की कंपनीचे नाव दिसते. दुकानातच टाकून पाहा. नाव वेगळे आले किंवा काहीच आले नाही, तर पिन कितीही छान बसत असली तरी ती परत द्या. बिल मागा. बिल न देणारा दुकानदार उद्या ओळख देणार नाही.

विकणाऱ्या भावांनाही एक विनंती. आपल्यातली कितीतरी तरुण मुले मोबाइलची दुकाने चालवतात, कष्टाची कमाई करतात. गिऱ्हाईक घाईत असते, त्याला ‘बसते का’ एवढेच कळते. ‘कशाला लावणार?’ हा एक प्रश्न तुम्ही विचारा. तिसरी दांडी तोडून द्या म्हणाला तर नाही म्हणा आणि कारण सांगा. दहा रुपयांचा धंदा जाईल, पण ते गिऱ्हाईक आयुष्यभर तुमच्याकडेच येईल.

डब्यातल्या निकामी वस्तू कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, उघड्यावर जाळून तांबे काढणाऱ्यांना तर मुळीच देऊ नका. वायरीच्या प्लास्टिकचा धूर विषारी असतो आणि तो आपल्याच वस्तीतल्या मुलांच्या छातीत जातो. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात किंवा जुन्या वस्तू परत घेणाऱ्या दुकानात द्या.

या सुट्टीत मुलांना सोबत घेऊन तो डबा जमिनीवर रिकामा करा. प्रत्येक चार्जरवरचे व्होल्ट मुलांना मोठ्याने वाचायला सांगा, चौकोनातला चौकोन शोधायला लावा, चिठ्ठ्या चिकटवा. तुटलेल्या दांड्या, सोललेल्या वायरी बाजूला काढा. आणि घरातले कुणी यंदा उमऱ्याला किंवा हजला निघाले असेल, तर चौकोनी पिनेचा अडॅप्टर आणि त्यांचा चार्जर एका पिशवीत बांधून, एकदा लावून दाखवून, आजच त्यांच्या बॅगेत ठेवा. निघायच्या दिवशी भेटायला येणाऱ्यांच्या गर्दीत ते नक्की राहून जाते.